गोष्ट सांगितली कोणी?

गेल्या वर्षीच्या आपल्या वार्षिक अंकात ‘वाघ आणि गळती’ नावाची एक लोककथा छापून आली होती. अंक चाळताना कदाचित ती आपल्या नजरेखालून गेली असेल. त्या कथेखाली माझे नाव होते. स्वतःचे नाव पहिल्यांदा छापून आले म्हणजे माणसाचे काय होते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक! अंक नेहमीप्रमाणे उशिरा, दिवाळीच्या सुट्टीनंतर हाती आला. पण आला त्याच संध्याकाळी मी तो ओटीवर बसून घरच्या सर्वांना वाचून दाखविला. पौषात म्हशाच्या जत्रेला गेलो तेव्हाही तो पिशवीत होता. गुरांच्या बाजारात मामा भेटले, त्यांना तेथेच उभ्याउभ्या ते पान उघडून दाखविले.

जत्रेहून परत आल्यावर एके दिवशी तास संपल्यावर मराठीच्या सरांनी मला थांबविले. म्हणाले, “तुझी गोष्ट वाचली. चांगली आहे. तुला सांगितली कोणी?”

मी म्हणालो, “सर, आमच्याकडे आवणीला एक कातकरीण येते, तिनं.”

“नाव काय तिचं?”

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून जी बाई आमच्या शेतावर राबते, जिच्या कडेवर बसून मी लहानपणी ओढा ओलांडला आहे, तिचे नाव मला माहीत नव्हते. आमच्या घरी सर्वजण तिला तिच्या थोरल्या मुलाच्या नावावरून ‘अमक्याची आय’ अशीच हाक मारतात. वडिलांच्या मजुरीच्या वहीतही तसेच लिहिलेले असते. सर मला रागावले नाहीत. एका जुन्या इंग्रजी पुस्तकाची काही छापील पाने त्यांनी माझ्या हातात ठेवली आणि “वाचून बघ” एवढेच म्हणाले. तो प्रश्न आणि ती पाने यांनी मला तेव्हापासून स्वस्थ बसू दिलेले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम ती गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे ज्यांनी वाचली नसेल त्यांनाही पुढचे समजेल.

आमच्या मुरबाडकडे आवणीच्या दिवसांत पाऊस कधीकधी असा धरतो की खाचरात उभे राहवत नाही. मग बायामाणसे इरली भिंतीला टेकवून पडवीत येऊन बसतात, आणि चहा होईपर्यंत पोरे त्यांच्याभोवती गोळा होतात. अशाच एका दुपारी आम्ही ही गोष्ट ऐकली. रानात एका म्हातारीची कारवीच्या कुडाची झोपडी होती. एका रात्री पाऊस नुसता कोसळत होता. भिजून काकडलेला एक वाघ आडोसा पाहून त्या कुडाला टेकून उभा राहिला. आत म्हातारीची धावपळ चालली होती. गाडगी-मडकी या कोपऱ्यातून उचलून त्या कोपऱ्यात ठेवावी, तर तेथेही धार लागलेलीच. शेवटी ती वैतागून ओरडली, “मना वाघाची भीव नाय, न् लांडग्याची नाय, भीव हाय ती या गलत्याची!” वाघाने ते ऐकले. त्याला वाटले, हे गलतं म्हणजे आपल्याहूनही मोठे कोणीतरी जनावर असले पाहिजे. तेवढ्यात हरवलेले गाढव शोधीत एक कुंभार तेथे आला. अंधारात त्याच्या हाताला वाघाचा कान लागला. ‘सापडलास लेका!’ म्हणून त्याने दोन रट्टे हाणले आणि वर मांड ठोकली. वाघ समजला, गलतं ते हेच! तो निमूटपणे चालू लागला. कुंभाराने त्याला घरी नेऊन खुंट्याला बांधले. सकाळी पाहतात तो खुंट्याला वाघ! येथे गोष्ट संपे, आणि सांगणारी बाई वर म्हणे की, तेव्हापासून वाघ पावसात कोणाच्या झोपडीजवळ फिरकत नाही.

सरांनी दिलेल्या पानांत हीच गोष्ट होती. तीच म्हातारी, तोच पाऊस, तोच घाबरलेला वाघ आणि गाढव शोधणारा तोच कुंभार. फक्त तेथे ती पुढेही चालते. वाघ पकडणारा शूर म्हणून राजा कुंभाराला सेनापती करतो. त्या बिचाऱ्याला घोड्यावर बसताही येत नाही, म्हणून बायको त्याला घोड्याला बांधून टाकते. आणि घोडा उधळल्यावर शत्रूची फौज त्याचे ते ध्यान पाहूनच पळून जाते. पुस्तकाचे नाव ‘ओल्ड डेक्कन डेज’. ते १८६८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर नाव आहे मेरी फ्रियर यांचे. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या सर बार्टल फ्रियर यांची ही कन्या. पुस्तकात चोवीस गोष्टी आहेत. त्यांत एक सोदेवाबाईची आहे. तिचा सोन्याचा जोडा रानात हरवतो आणि त्या जोड्यावरून राजपुत्र तिचा शोध घेतो. फ्रान्सच्या शार्ल पेरोने १६९७ साली छापलेली सिंड्रेला आपणा सर्वांना ठाऊक आहे; तिची ही दख्खनी बहीण मात्र आपल्यापैकी किती जणांना माहीत असेल? राक्षसाचा जीव पोपटात असल्याची गोष्टही या पुस्तकात आहे. ती तर आपण सर्वांनीच कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकलेली असते.

आता प्रश्न असा की, या गोष्टी गव्हर्नरसाहेबांच्या कन्येला सांगितल्या कोणी?

त्याचे उत्तर तिने स्वतःच प्रस्तावनेत दिले आहे. १८६५-६६ च्या हिवाळ्यात गव्हर्नरांचा दौरा दक्षिण मराठा मुलखातून चालला होता. छावणीत मेरीच्या बरोबरीची दुसरी बाई नव्हती. दिवस जाता जाईनात. तेव्हा वाचून, लिहून कंटाळलेल्या मेरीने एके दिवशी आपल्या आयेला विचारले की, तुला मुलेनातवंडे आहेत, त्यांना तू गोष्टी सांगत असशीलच. मला एखादी सांग. या आयेचे नाव ॲना लिबेराटा डिसूझा. तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी आठवून आठवून, मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगावयास आरंभ केला. मेरी त्या लिहून घेई आणि लिहिलेले पुन्हा ॲनाला वाचून दाखवी, म्हणजे चुकले असेल ते सुधारता यावे.

एवढ्यावरच हे थांबत नाही. त्या पुस्तकात ‘कथन करणारणीची हकीकत’ म्हणून एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ॲना स्वतःविषयी बोलते. आपले घराणे मूळचे कालिकतकडचे, लिंगायत. ते गोव्याच्या बाजूला येऊन राहिले आणि तेथे आजोबा ख्रिस्ती झाले, असे ती सांगते. गोष्टी सांगणाऱ्या त्या आजीविषयीही ती भरभरून बोलते. एका साम्राज्याच्या अधिकाऱ्याच्या मुलीने आपल्या चाकरीतल्या बाईची जन्मकथा आपल्या पुस्तकात तिच्या नावानिशी छापावी, ही गोष्ट दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. ती वाचून मला माझ्या हजेरीच्या वहीतल्या ‘अमक्याच्या आय’ची आठवण झाली आणि खरे सांगतो, मान खाली गेली.

मेरी फ्रियर यांचे मी येथे स्तोत्र गात नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव त्यांचे एकटीचेच आहे, आणि ग्रंथालयाच्या सूचीत शोधायला गेलात तर ‘लेखक’ म्हणून तेच सापडते. ॲना सापडायची तर पुस्तक उघडावे लागते. परंतु उघडल्यावर ती सापडते, हे महत्त्वाचे. माझी गोष्ट ज्या पानावर छापली होती, ते पान कितीही वेळा उघडले तरी ती सांगणारी बाई कोणाला सापडणार नव्हती.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंच्या परीकथा जगभर प्रसिद्ध आहेत. पहिला खंड १८१२ साली निघाला, दुसरा १८१५ साली. त्या दुसऱ्या खंडातल्या पुष्कळ गोष्टी डोरोथेआ फीमान नावाच्या बाईने सांगितलेल्या आहेत. ती कासेल शहराजवळच्या एका खेड्यातल्या शिंप्याची बायको. शहरात भाजी विकायला येई, आणि येता-जाता ग्रिम बंधूंना गोष्टी सांगे. तिच्या मृत्यूनंतर, १८१९ साली निघालेल्या आवृत्तीत तिचे चित्र छापले गेले. तरीही आज कोणालाही विचारा, गोष्टी ग्रिम बंधूंच्या! अँडरसनची गोष्ट वेगळी आहे. ‘कुरूप बदकाचे पिल्लू’ त्याने स्वतः रचले, १८४३ साली स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केले. तो त्याचा कर्ता. पण ज्यांनी गोष्टी गोळा केल्या त्यांनाही आपण कर्ते म्हणू लागलो, आणि ज्यांच्या तोंडून त्या गोळा झाल्या त्यांना मात्र ‘लोक’ म्हणून एका पोत्यात भरून टाकले.

आपल्याकडे याच्या उलट एक उदाहरण आहे आणि ते आपण सर्वांनी शाळेत शिकलेले आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात काम करता करता त्यांनी गाणी रचली. ती कागदावर उतरली ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि इतर आप्तांमुळे. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी होते. पण पुस्तकावर नाव आले बहिणाबाईंचे. म्हणून आज मराठीला बहिणाबाई आहेत. ज्याने लिहून घेतले त्याने आपली पायरी ओळखली, एवढ्यावर एका कवयित्रीचे अस्तित्व अवलंबून होते, हा विचार मनात आला म्हणजे अंगावर काटा येतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि आमच्या वर्गातल्या एका मित्राने तो घेतलाही. तो म्हणाला, “अरे, लोककथेला कर्ता नसतोच. तुझ्या कातकरणीनं तरी ती कुठं रचलीय? तिनं तिच्या आईकडून ऐकली असेल. मग तिचं नाव घालून तरी काय मिळवलंस?”

आक्षेप बरोबर आहे. ॲनानेही गोष्टी रचल्या नव्हत्या, आजीकडून ऐकल्या होत्या. आणि त्या आजीने आणखी कोणाकडून. या गोष्टीचा पहिला कर्ता शोधू जाल तर हाती काही लागणार नाही. तरीपण तो कर्ता कोण असावा, याची एक खूण गोष्टीतच आहे असे मला वाटते. वाघापेक्षा गळतीची भीती जास्त, हे कोणाला सुचेल? ज्याच्या डोक्यावर धड छप्पर आहे त्याला सुचणार नाही. आमच्या घरावर कौले आहेत. मला ते वाक्य विनोदी वाटत होते. सांगणाऱ्या बाईच्या झोपडीवर त्या वर्षी पेंढा कुजला होता आणि वर प्लास्टिकचा कागद दगड ठेवून पसरला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. ती ते वाक्य सांगताना हसे, आणि बरोबरच्या बाया तिच्याहून मोठ्याने हसत. त्यांना काय हसू येत होते ते मला तेव्हा कळले नाही. आज थोडेसे कळते. ही गोष्ट गळक्या छपराखाली राहणाऱ्या कोणातरी माणसाने प्रथम सांगितली असणार, आणि तशाच छपराखालच्या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली. पहिल्याचे नाव गेले, ते गेले. पण म्हणून आज जी माझ्यासमोर बसून सांगते तिचेही नाव मी गाळावे, हा कोठला न्याय? साखळीचे पहिले टोक सापडत नाही म्हणून हातातली कडीही टाकून द्यायची काय?

शिवाय नाव नसले म्हणजे जबाबदारीही राहत नाही, हे माझ्या स्वतःच्या उदाहरणावरून सांगतो. मी ती गोष्ट लिहिताना काय काय केले, ऐका. ‘गलतं’ हा तिचा शब्द मला अशुद्ध वाटला. मी ‘गळती’ केले. म्हातारीच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली. ‘तेव्हापासून वाघ पावसात झोपडीजवळ येत नाही’ हा शेवट मला पोरकट वाटला; तो काढून त्या जागी ‘तात्पर्य : अज्ञानातून भीती निर्माण होते’ असे लिहिले. तात्पर्य लिहिल्यावाचून गोष्ट पुरी होत नाही, असे आपल्याला शाळेपासून वाटत आलेले असते. तिने कधी तात्पर्य सांगितले नव्हते. गोष्टीखाली तिचे नाव घालायचे असते, तर लेखणी चालविताना माझा हात कचरला असता. निदान तिला एकदा वाचून दाखवावे असे तरी वाटले असते. मेरी फ्रियरने वाचून दाखविले. मी नाही दाखविले.

आपण शहापूर-मुरबाडची मुले. आपल्याला हे अधिक समजायला हवे. तानसा आणि भातसा या दोन्ही धरणांचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते. तानसाचे तर १८९२ पासून जाते. मुंबईत नळ सोडणाऱ्याला ते ‘मुंबईचे पाणी’ वाटते. ते कोणत्या तालुक्यातून येते आणि त्या तालुक्यातल्या बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात, हे त्याच्या गावीही नसते. याबद्दल आपण चिडतो, भाषणस्पर्धेत टाळ्या मिळवतो. पण वाडीवरची गोष्ट आपल्या अंकात येते तेव्हा आपणही तेच करतो. गोष्ट तेथून आणायची आणि नाव आपले लावायचे. आपल्यापुरते आपण मुंबईच होतो.

आपल्या महाविद्यालयात कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी अशा सर्व समाजांतून मुले येतात. दरवर्षी अंकात दोन-तीन तरी लोककथा, लग्नाची गाणी, म्हणी छापल्या जातात. खाली ‘संकलन’ म्हणून विद्यार्थ्याचे नाव आणि वर्ग असतो. प्रकल्पाला गुण मिळतात, काहींना बक्षीसही मिळते. हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. ऐकून लिहिणे हेही काम आहे, आणि ते कोणी केले नसते तर सोदेवाबाई ॲनाबरोबरच गेली असती. माझे मागणे एवढेच आहे, आणि ते मी संपादक मंडळापुढे व गुरुजनांपुढे नम्रपणे मांडतो.

पुढील अंकापासून प्रत्येक लोककथेखाली व लोकगीताखाली आधी सांगणाराचे किंवा सांगणारीचे पूर्ण नाव व गाव छापावे, आणि मग लिहून घेणाऱ्याचे. नाव छापण्यापूर्वी त्या व्यक्तीला विचारावे. तिची इच्छा नसेल तर तसे नमूद करून फक्त वाडीचे नाव द्यावे. लिहिलेले तिला वाचून दाखवावे. आणि अंक निघाल्यावर एक प्रत तिच्या घरी पोचती करावी. तिला वाचता येत नसेल, पण तिच्या नातीला येत असेल. याला खर्च एका ओळीच्या शाईचा आणि एका प्रतीचा. आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, आवाज जसाच्या तसा टिपून ठेवण्याची सोय आहे. मेरी फ्रियरला ती नव्हती.

आता कोणी विचारील, “मग या लेखात तरी त्या बाईचे नाव का नाही?”

सरांनी विचारल्यानंतरच्या रविवारी मी तिच्या वाडीवर गेलो होतो. झोपडीला बाहेरून काटक्यांचे झाप लावलेले होते. दिवाळीनंतर घरातली सगळी माणसे वीटभट्टीवर गेलेली आहेत. ती पावसाच्या तोंडावर परत येतील. शेजारच्या म्हातारबाबांना मी तिचे नाव विचारले. ते माझ्याकडे बघतच राहिले. इतकी वर्षे तुमच्या घरी येते आणि तुम्हांला नाव ठाऊक नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होते. बोलले मात्र नाहीत. त्यांनी नाव सांगितले. ते मी वहीत लिहून ठेवले आहे, वडिलांच्या मजुरीच्या वहीतही लिहिले आहे. पण तिला न विचारता एकदा तिची गोष्ट छापली, आता तिला न विचारता तिचे नाव छापणे मला बरे वाटत नाही.

मृग लागला की ती येईल. आवणी सुरू होईल, एखाद्या दुपारी पाऊस धरेल आणि बाया पडवीत येऊन बसतील. तेव्हा गेल्या वर्षीचा अंक काढून मी तिला माझी ‘वाघ आणि गळती’ वाचून दाखविणार आहे. जेथे चुकले असेल तेथे ती मला थांबवील. बहुधा पुष्कळदा थांबवील. मग तिला विचारीन, आणि ती ‘छाप’ म्हणाली तर गोष्ट पुन्हा, तिच्या शब्दांत, तिच्या नावाने लिहून देईन.

संपादकांनी पुढच्या अंकात एक पान राखून ठेवावे, ही विनंती.

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला